एक वैमानिक, पाच बैठका: स्काल्स्की प्रकल्पाच्या नोंदी

९ जून २०२४

पावसाच्या तोंडावर प्लॅस्टिकची विमानं रंगवायला काढणारा माणूस एक तर नवखा असतो, नाहीतर हट्टी. मी नवखा नाही. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर रंग धड वाळत नाही, हे ओतकामाचे नमुने करणाऱ्या पॅटर्नशॉपमध्ये निम्मं आयुष्य काढलेल्याला कुणी सांगायला नको. पण पुण्याचं प्रदर्शन नोव्हेंबरात आहे आणि माझा वेग मला ठाऊक आहे. म्हणून आजच खोके उघडले.

काम असं. स्तानिस्वाफ स्काल्स्की या पोलिश लढाऊ वैमानिकाचं आयुष्य १:७२ मापाच्या विमानांत मांडायचं. तक्ते नाहीत, फोटो नाहीत. आठ-आठ इंचांच्या पाच लाकडी बैठका, प्रत्येकीला पितळी पट्टी, पट्टीवर फक्त ठिकाण आणि काळ. पहिली पोलंड १९३९, दुसरी इंग्लंड १९४०, तिसरी ट्युनिशिया १९४३, चौथी पुन्हा इंग्लंड, जून १९४४. पाचवीवर काय ठेवायचं ते ठरलेलं नाही. सुताराला मात्र पाचही एकदम सांगून टाकल्या, कारण नंतर एकच मागितली तर लाकडाचा रंग जुळत नाही.

पोलंडच का, हे घरात सगळ्यांनी विचारून झालंय. कोल्हापूरकरानं खरं तर विचारू नये. आपल्या वळिवड्याला १९४३ ते १९४८ सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांचे बाप, भाऊ, नवरे तेव्हा कुठे कुठे लढत होते. त्या ‘कुठे कुठे’मधला एक माणूस मला हवा होता. पायदळाचं मला काही करता येत नाही, विमानं येतात.

स्काल्स्कीचा जन्म २७ नोव्हेंबर १९१५ चा, कोदिमा गावचा. शाळा दुब्नोत. दोन्ही गावं आज युक्रेनमध्ये आहेत; हे पुढे कामाला येणार आहे. १९३८ मध्ये डेम्ब्लिनच्या हवाई दलाच्या शाळेतून बाहेर पडला. पोलिश वैमानिकांमध्ये सर्वांत जास्त विमानं पाडल्याची नोंद त्याच्या नावावर आहे. अधिकृत पोलिश यादीत आकडा १८ आणि वर ११/१२. एक विमान दोघा-तिघांनी मिळून पाडलं की वाटणी व्हायची, म्हणून हा अपूर्णांक. हिशेब इतका चोख ठेवणाऱ्यांचं मॉडेल करायचं म्हणजे माझाही हिशेब चोख हवा. खर्च शेवटी लिहीन.

आजची कमाई शून्य. हार्डवेअरच्या दुकानात फोन करून “पोलिश विमान करतोय, बारीक लागेल” एवढं बोललो, तर पोरानं बारीक पॉलिश पेपरचे दहा तुकडे बांधून पाठवले. चूक त्याची नाही. लागणारच आहेत.

१६ जून

पहिलं विमान पी.झेड.एल. पी-११सी. हे किट मी एका हौशी माणसाकडून जुनं घेतलंय, १,८५० रुपयांना. प्लॅस्टिक ठणठणीत, डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हं, मात्र पिवळी पडलेली. पाण्यात सोडली आणि खारी बिस्किटासारखी तुटली. म्हणजे चिन्हं मलाच करावी लागणार.

हे विमान ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: पंख वरच्या बाजूला, पण अंगाजवळ ते खाली मुडपलेले, उडत्या बगळ्यासारखे. वैमानिकाला त्या दुमडीतून पुढचं दिसावं म्हणून. ही कल्पना झिग्मुंट पुवाव्स्की या इंजिनिअरची, जो १९३१ मध्ये स्वतःच अपघातात गेला. चाकं कायमची खाली, कॉकपिट उघडं. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला हे जगातल्या उत्तम लढाऊ विमानांच्या घराण्यातलं होतं. १९३९ मध्ये ते ताशी ४०० किलोमीटरच्या आतच होतं आणि जर्मन मेसरश्मिट ५०० च्या बरंच वर. बॉम्बरसुद्धा सरळ पळाले तर हाती लागत नसत.

पंखांना खालून आधाराच्या काड्या आहेत. एक काडी अर्धा मिलिमीटर चुकली की अख्खं विमान लंगडं दिसतं. जाड पुठ्ठ्याची खाच कापून त्यात विमान उताणं ठेवलं आणि मगच काड्या लावल्या. ही एकच गोष्ट आज पहिल्या फटक्यात जमली. वेळ साडेपाच तास.

२३ जून

हातची सवय कशी घात करते ते लिहून ठेवतो.

पॅटर्नच्या कामात जोड दिसला की तो घासायचा, बोट फिरवल्यावर कळणार नाही इतका. पंखाचा जोड मी तसाच घासला. गुळगुळीत झाला, समाधान वाटलं. मग उजेडात धरला आणि पोटात गोळा आला. पी-११च्या पंखांचा पत्रा सपाट नव्हता. त्यावर बारीक समांतर पन्हळी होत्या. किट बनवणाऱ्यानं त्या सुंदर काढल्या होत्या आणि मी पुढच्या कडेजवळच्या बोटभर पट्ट्यातून त्या पुसून टाकल्या.

पहिला उपाय: सुईनं हातानंच रेघा ओढल्या. वाकड्या आल्या. पुट्टी भरली, पुन्हा घासलं. दुसरा उपाय: स्टीलची पट्टी दुहेरी टेपनं पंखावर चिकटवून बारीक करवतीच्या पाठीनं ओरखडे. पट्टी प्रत्येक रेघेला उचलून अर्धा मिलिमीटर सरकवायची. दोन्ही पंख मिळून तीन संध्याकाळी गेल्या. मूळ पन्हळीसारखं अगदी नाही, पण रंगाखाली खपेल.

जो कुणी हे विमान करेल त्यानं जोड घासण्याआधी बाकीच्या पृष्ठभागावर मास्किंग टेप लावावी. चार रुपयांची टेप, तीन संध्याकाळी वाचतात.

३० जून

रंग. पोलिश खाकी म्हणजे आपली पोलिसांची खाकी नव्हे आणि लष्करी जीपचा हिरवाही नव्हे. दोन्हींच्या मधला मातकट, तपकिरीकडे झुकलेला. माझं पहिलं मिश्रण जीपच झालं. ऑलिव्ह तीन भाग आणि तपकिरी दोन भाग यावर आलो. पोटाकडून निळसर राखाडी.

पट्टीवर लिहायचंय: तोरुन्य, १४२ वी एस्काद्रा, सप्टेंबर १९३९. या तुकडीचं चिन्ह रानबदक. १ सप्टेंबरला, युद्धाच्या पहिल्याच दिवशी, मारियान पिसारेक आणि स्काल्स्कीच्या वाट्याला एक जर्मन हेन्शेल १२६ टेहळणी विमान आलं. ते पडल्यावर स्काल्स्की आपलं विमान घेऊन शेजारच्या शेतात उतरला आणि जखमी जर्मनांना मदत केली. हा देखावाच करावा असा मोह झाला: दोन विमानं, शेत, तीन माणसं. हेन्शेलच्या किटची किंमत पाहिली आणि मोह आवरला.

१७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत फौजा घुसल्या आणि खेळ संपला. विमानं, वैमानिक, मेकॅनिक, जे जमेल ते रुमानियात उतरलं. स्काल्स्की तिथून बेरूतमार्गे फ्रान्सला आणि १९४० च्या सुरुवातीला इंग्लंडला पोचला. चोविसाव्या वर्षी देश गेलेला, हातात फक्त विमान चालवण्याची विद्या.

७ जुलै

चिन्हं मी स्वतः संगणकावर काढली. पोलिश हवाई दलाचं चिन्ह लाल-पांढऱ्या चार चौकोनांचं, सापशिडीच्या पटाचा कोपरा कापल्यासारखं. सोपं. इंटरनेटवरचं मोठं चित्र घेतलं, लहान केलं, शेजारी बदक काढलं, ओळखीच्या छपाईवाल्याकडून डेकल कागदावर दोन संच छापून घेतले. ४८० रुपये. पंखांवर चार, शेपटीवर दोन, सगळी लावली. छान बसली.

काल पोलंडहून मागवलेला डेकलचा कागद कस्टममधून सुटून आला. तो स्पिटफायर आणि मस्टँग या पुढच्या विमानांसाठी. टपाल आणि करासकट १,९७० रुपये. त्यावरचे चौकडे माझ्या चौकड्यांशेजारी धरले तर उलटे! माझ्यात वरचा डावा चौकोन पांढरा, त्यांच्यात लाल. माझी पहिली प्रतिक्रिया लिहायला लाज वाटते: “एवढे पैसे घेऊन चुकीचं छापलंय.” पोलंडमधल्या माणसाला पोलंडचं चिन्ह कळत नाही आणि मला कळतं, अशी माझी समजूत.

सांगलीच्या मित्राला फोन केला. तो या विषयातला किडा. म्हणाला, “अरे, तू आत्ताचं चिन्ह छापलंयस. डिसेंबर १९९३ मध्ये त्यांनी रंगांची अदलाबदल केली. युद्धात वरचा डावा लालच.”

म्हणजे माझ्या १९३९ च्या विमानावर १९९३ नंतरचं चिन्ह.

१० जुलै

सेलोटेप लावून चौकडे उपटले. चार निघाले, दोनांबरोबर खाकी रंगही निघाला. पुन्हा प्रायमर, पुन्हा मिश्रण (तीन भाग, दोन भाग लिहून ठेवलं होतं म्हणून वाचलो), पुन्हा वार्निश. तीन संध्याकाळी.

आज नवीन छापायला पाठवणार होतो. दुसरा, न वापरलेला संच टेबलावर पडला होता. भाची शेजारी बसून गृहपाठ करत होती. ती कागदाकडे बघून म्हणाली, “मामा, फिरवा की तो.”

मी म्हटलं, काय फिरवू?

तिनं कागद हातात घेतला आणि पाव फेरी फिरवला. वरचा डावा चौकोन लाल झाला. कडेची उलट्या रंगाची किनारसुद्धा बरोबर जागी आली.

दोन बाय दोनचा चौकडा ९० अंशांत फिरवला की रंग अदलाबदल होतात. सातवीतल्या पोरीला दिसलं, मला नाही. ज्यांनी ज्यांनी आधुनिक चौकडे चुकून छापले असतील त्यांनी ते फेकू नयेत. बदक मात्र फिरवू नये.

२१ जुलै

दुसरं विमान हरिकेन, ब्रिटिश लढाऊ विमान. १९४० च्या ऑगस्टच्या शेवटी स्काल्स्की रॉयल एअर फोर्सच्या ५०१ स्क्वॉड्रनमध्ये गेला, मुक्काम ग्रेव्हसेंड. पोलिश म्हटलं की सगळे ३०३ या पोलिश स्क्वॉड्रनचं नाव घेतात, ते रास्तच, पण बरेच पोलिश असे ब्रिटिश स्क्वॉड्रनमध्ये विखुरलेले होते. याच ५०१ मधल्या अंतोनी ग्वोवात्स्कीनं २४ ऑगस्टला एका दिवसात पाच विमानं पाडल्याची नोंद आहे.

हे लोक नव्या विमानात बसले तेव्हा त्यांना शिकलेलं बरंच विसरावं लागलं. वेग मैलांत, उंची फुटांत, रेडिओवर इंग्रजी. आणि पी-११ ची चाकं कायम खाली असायची, त्यामुळे उतरताना ती खाली घ्यायची असतात हेच डोक्यात नसे. पोलिश वैमानिकांनी सुरुवातीला काही विमानं पोटावर उतरवली ती याच पायी.

मी त्यांना हसू शकत नाही. मी चाकांची दारं आधी बंद चिकटवली आणि मग चाकं हातात घेऊन बसलो. दारं ब्लेडनं कापून काढली, एक तुटलं, कोल्ड्रिंकच्या डब्याच्या पत्र्यातून नवीन केलं. खरं म्हणजे पत्र्याचं दार प्लॅस्टिकपेक्षा पातळ आणि छान दिसतंय. दुसरंही तसंच केलं.

दुसरी चूक जास्त शहाणपणाची होती. उत्साहात हरिकेनच्या नाकावर चौकडा लावून मोकळा झालो. सांगलीकरानं फोटो पाहून विचारलं, “हे कुणी सांगितलं तुला?” कुणीच नाही. पोलिश वैमानिक म्हणजे पोलिश चिन्ह, एवढाच माझा तर्क. विमान ब्रिटिश स्क्वॉड्रनचं, त्या सकाळी जो उडवेल त्याचं. अंगावर ब्रिटिश गोल, एस-डी ही अक्षरं, बस. ओलं होतं तोवर चौकडा सरकवून काढला. चारांपैकी या एका विमानावर त्याच्या देशाची एकही खूण नाही. ५ सप्टेंबरला तो पडला तो अशाच विमानात. भाजला, सहा आठवडे इस्पितळात काढले. त्याआधीच्या आठवडाभरात त्याच्या खात्यावर चार विमानं जमा झाली होती.

२८ जुलै

पंचगंगा पात्राबाहेर. दुकान बंद, लाइट येऊन-जाऊन. घरात आहोतच तर हरिकेनला शेवटचं मॅट वार्निश मारू म्हटलं. मारायला नको होतं.

दहा मिनिटांत सगळ्या विमानावर दुधाची साय आल्यासारखं झालं. हवेतलं पाणी वार्निशमध्ये अडकतं, त्याचा हा प्रताप. पुसून जात नाही. पुन्हा वार्निश मारलं तर साय जाड होते (मारून बघितलं). शेवटी उपाय लागू पडला तो असा: हेअर ड्रायरनं खोलीचा कोपरा आणि विमान दोन्ही कोमट करायचं, मग सावकाश वाळणाऱ्या थिनरचा एकदम हलका फवारा, एकटा थिनर, रंग नाही. वार्निश पुन्हा मऊ होतं, पाणी निसटतं, साय उतरते. डाव्या पंखाच्या टोकाला थोडी राहिली. तो पंख भिंतीकडे राहील अशी बैठक ठेवणार आहे.

इथून पुढे फवाऱ्याचं काम फक्त भात शिजवण्याआधी. कुकरच्या शिट्ट्या झाल्या की स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत फवारा बंद. विनोद नाही, फरक पडतो.

११ ऑगस्ट

आज १,४५० रुपयांची चूक उघडकीला आली.

ट्युनिशियासाठी मी जूनमध्येच स्पिटफायर घेऊन ठेवलं होतं. खोक्यावर वाळवंट, वाळूचा रंग, नाकाखाली भला मोठा धुळीचा फिल्टर. आफ्रिका म्हणजे फिल्टर, असं धरून चाललो. आज भाग मोजायला घेतले तर प्रोपेलरला तीन पाती. पंखाखाली एका बाजूला मोठा रेडिएटर आणि दुसरीकडे छोटा ऑइल कूलर. हे मार्क पाच, म्हणजे स्पिटफायरची पाचवी आवृत्ती. मला हवं मार्क नऊ: चार पाती, दोन्ही बाजूंना सारखे मोठे रेडिएटर, आणि नाकाखाली तो गळू नाही.

हा फरक बारीकसारीक नाही, गोष्टच त्यात आहे. मार्च १९४३ मध्ये १५ पोलिश स्वयंसेवक वैमानिक ट्युनिशियात आले. पोलिश फायटिंग टीम हे त्यांचं नाव, ‘स्काल्स्कीची सर्कस’ हे टोपणनाव, कारण आकाशात नेतृत्व त्याचं. त्यांना ब्रिटिशांच्या १४५ स्क्वॉड्रनला जोडलं होतं. त्या स्क्वॉड्रनकडे मार्क पाच होती. पोलिशांना दिली नवी मार्क नऊ. जुन्या जाणत्या माणसांच्या हातात नवं हत्यार. मे महिन्याच्या मध्यापर्यंत, म्हणजे जेमतेम दोन महिन्यांत, त्यांच्या खात्यावर २५ विमानं होती. मी त्यांना मार्क पाचमध्ये बसवलं असतं तर सगळंच खोटं झालं असतं.

मार्क नऊ मागवलं. २,१०० रुपये. चुकीचं खोकं माळ्यावर.

२५ ऑगस्ट

मार्क नऊ आलं, जोडलं. वाळूसारखा पिवळट आणि मातकट तपकिरी यांचे पट्टे, पोट आकाशी निळं. पोटाच्या निळ्याला मी घाबरलो होतो, फार भडक दिसेल म्हणून, पण वर पिवळट आल्यावर तो शांत झाला. अक्षरं झेड-एक्स, पुढे आकडा ६. बाकी स्क्वॉड्रनमध्ये विमानाला अक्षर असायचं. या टीमला आकडे. इंजिनाच्या झाकणावर छोटा चौकडा, या वेळी पोलंडहून आलेला, न फिरवता.

मॅट रंगावर थेट डेकल लावू नका. मी सहाच्या आकड्याखाली हवा अडकवून बसलो, तिरपं बघितलं की चांदीसारखं चमकत होतं. सुईनं टोचून, डेकल मऊ करणारं द्रावण तीनदा लावून निम्मं गेलं. बाकीच्यांच्या आधी ग्लॉस वार्निश मारलं, काही त्रास नाही.

कॅनोपी, म्हणजे कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण, सुपर ग्लूनं चिकटवली. वीस वर्षांच्या अनुभवानंतर! आतून धूर बसला. काढली, टूथपेस्ट आणि मऊ कापडानं अर्धा तास घासली, साफ झाली, मग फेविकॉलनं बसवली. पारदर्शक भागाला फेविकॉलच. हे मी इतरांना सांगत असतो.

१८ सप्टेंबर

मधले तीन आठवडे गणपती. काल विसर्जन झालं. या काळात कामाची नोंद एकच: मंडळाच्या पोरांनी एअरब्रशचा कंप्रेसर मखर रंगवायला नेला होता, परत आला तो सोनेरी होऊन.

२२ सप्टेंबर

चौथं विमान मस्टँग, मार्क तीन. पट्ट्यांचंच काम. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या आक्रमणाआधी दोस्तांच्या विमानांवर काळे-पांढरे पट्टे मारले, आपल्याच तोफांनी पाडू नये म्हणून. एक पट्टा १८ इंचांचा. ७२ नं भागलं की पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर. टेप कापून इतके नेमके मारले की विमान क्रिकेटच्या स्टंपसारखं दिसायला लागलं. खरे पट्टे आक्रमणाच्या आदल्या दिवसांत घाईघाईत, बरेचसे हातातल्या ब्रशनं मारलेले. कडा ब्रशनं थोड्या मोडल्या, मग जमलं.

या वेळेपर्यंत तो विंग कमांडर झाला होता. मधल्या वर्षात ६०१ या ब्रिटिश स्क्वॉड्रनचं नेतृत्व त्याच्याकडे आलं. असं करणारा तो पहिला पोलिश. विंग कमांडरला विमानावर स्वतःची आद्याक्षरं लिहायची मुभा असे. म्हणून या मस्टँगवर एस-एस. प्रदर्शनात कुणीतरी नाझींची एस.एस. आठवून हमखास भुवया उंचावणार. स्तानिस्वाफ स्काल्स्की, बाबांनो, दुसरं काही नाही.

हे एकच विमान ठरल्या वेळात झालं. चार रविवारचं काम दोन संध्याकाळी आणि एका रविवारात.

६ ऑक्टोबर

पाचवी बैठक.

युद्ध संपलं तेव्हा जिंकलेल्या बाजूचे हे वैमानिक घरी जाऊ शकत नव्हते. लंडनमधल्या ज्या निर्वासित पोलिश सरकारसाठी ते लढले, त्याची मान्यता ब्रिटननं जुलै १९४५ मध्ये काढून घेतली. पूर्व पोलंड सोव्हिएत संघात गेला. स्काल्स्कीचं शाळेचं गाव दुब्नोही त्यातच. बरेच जण इंग्लंडमध्ये राहिले, मिळेल ते काम धरलं. स्काल्स्की १९४७ मध्ये परत गेला. पोलंडच्या हवाई दलात रुजू झाला. ४ जून १९४८ ला त्याला हेरगिरीच्या आरोपाखाली अटक झाली. १९५० मध्ये फाशीची शिक्षा. ती जन्मठेपेत बदलली. वॉर्साच्या राकोव्येत्स्का रस्त्यावरच्या तुरुंगात आणि इतरत्र मिळून आठ वर्षं गेली. १९५६ मध्ये सुटला, निर्दोष ठरला. १९८८ मध्ये जनरल झाला. १२ नोव्हेंबर २००४ ला वॉर्सात गेला.

यावर काय ठेवायचं? पहिल्यांदा गजांची चौकट केली, पितळी तारेची. दोन दिवस बघितली आणि मोडली. नाटकाच्या नेपथ्यासारखी दिसत होती. मग दुसरा विचार आला तो जास्त वाईट, कारण तो सोयीचा होता: माळ्यावर मार्क पाच पडलंय. त्याच खोक्यात फिल्टर नसलेलं साधं नाकही आहे. १९४२ मध्ये स्काल्स्की ३१७ या पोलिश स्क्वॉड्रनचा प्रमुख होता आणि त्यांच्याकडे मार्क पाचच होती. अक्षरं जे-एच. म्हणजे पाचवं विमानही खरं, १,४५० रुपयेही वसूल, आणि पाच बैठकांवर पाच विमानं.

आत्तीला फोटो दाखवले. ती ८६ वर्षांची. वळिवड्याची गोरी पोरं तिनं लहानपणी पाहिलीत. चार विमानं तिनं मान डोलावत बघितली. मग विचारलं, “आणि पुढं?” सांगितलं. परत गेला, धरला, आठ वर्षं आत.

“कळत नव्हतं व्हय त्याला?” ती म्हणाली. “आपल्या वळिवड्याची माणसं न्हाई गेली तिकडं.”

अगदी तसं नाही, काही गेली. पण बरीच नाही गेली, कारण त्यांची गावंही दुब्नोसारखीच नकाशात पलीकडे गेली होती, आणि १९४० मध्ये त्याच सत्तेनं त्यांना सैबेरियात हाकललं होतं. १९४८ मध्ये वळिवड्याची छावणी रिकामी झाली. त्याच वर्षी स्काल्स्की आत गेला. त्याला कळत होतं की नव्हतं, हे मला मॉडेलमध्ये दाखवता येत नाही. तिथे विमान ठेवलं तर मात्र मी नक्की खोटं बोललेलो असेन. त्या आठ वर्षांत त्याच्याकडे विमान नव्हतं.

पाचवी बैठक रिकामी. पट्टीवर: वॉर्सा, १९४८–१९५६.

१३ ऑक्टोबर

हिशेब. पी-११ १,८५०. हरिकेन १,७००. चुकीचं स्पिटफायर १,४५०, बरोबर स्पिटफायर २,१००. मस्टँग १,६००. पोलंडची डेकल १,९७०. माझी छापलेली ४८०. रंग, थिनर, वार्निश २,९४०. पाच बैठका ३,२००. एकूण १७,२९०. पितळी पट्ट्या उद्यमनगरातल्या मित्रानं चहावर करून दिल्या. वेळ मोजला नाही, पण चुका निस्तरण्यात किमान १४ संध्याकाळी गेल्या असतील. त्यातल्या सहा पन्हळी आणि चौकड्यांच्या.

पुण्याहून फोन आला. टेबल चार फुटांचं मिळेल. रिकामी बैठक गाळली तर बरं, म्हणजे शेजाऱ्याला जागा होईल, असं सुचवलं. मी म्हटलं, उलट एक वाढवतोय. मार्क पाच माळ्यावरून काढलंय, ते तिसऱ्याच्या आधी येईल: ३१७ स्क्वॉड्रन, १९४२. आठ इंचांच्या सहा बैठका म्हणजे ४८ इंच. बरोबर चार फूट.

सुताराला सहावी सांगितली. ६४० रुपये, आणि लाकडाचा रंग जुळणार नाही हे त्यानं आधीच सांगून टाकलंय.